पेटी बंद पडली म्हणून डेटा गेला असं नव्हे

मच्छीमार बांधवांनो, काही घरांत बोटीचे कागद, डिझेलची बिलं, जीपीएसचे पॉइंट, लग्नाचे फोटो सगळं राउटरला जोडलेल्या हार्डडिस्कच्या पेटीत, म्हणजे नासमध्ये असतं. ती बंद पडली की दुकानदार सांगतो, 'गेलं सगळं.' आमचं मत, लगेच मानू नका. पुष्कळदा अडॅप्टर किंवा बोर्डच मेलेला असतो (आपली खारी हवा!), आतल्या डिस्क शाबूत असतात.

आधी त्याच व्होल्टचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. नाही भागलं तर डिस्क काढा, कुठली कुठल्या खणातली ते लिहून ठेवा. विंडोज 'फॉरमॅट करू?' विचारील, कारण आतली मांडणी बहुधा लिनक्सची. तिथं 'हो' म्हणू नका. लिनक्स जाणणाऱ्याकडून फक्त वाचण्यापुरती उघडून घ्या. डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र बंदच ठेवा, जाणकाराकडे न्या. पाणी शिरलेल्या इंजिनाला कोण सारखा स्टार्टर मारतो?

दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त राहणंही आम्हाला पटत नाही. एकीवरची फाइल पुसली की जोडीचीही त्याच क्षणी पुसली जाते. बोटीच्या कागदांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, दुसऱ्या छपराखाली हवीच. सोसायटीच्या कपाटात त्यासाठी एक खण द्यावा, असं आम्हाला वाटतं.