माहेरी जाण्याआधी दुसरी साखर तपासणी

गरोदरपणाच्या सुरुवातीला साखर ‘नॉर्मल’ आली की काळजी मिटली, असा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. वारेतून स्रवणारी संप्रेरके इन्सुलिनचा परिणाम कमी करतात आणि पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर हे प्रमाण वाढत जाते. म्हणूनच सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार चाचणी दोनदा करायची असते : पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान.

नेमक्या याच सुमारास, सातव्या महिन्यात ओटी भरून सून माहेरी जाते. इथला दवाखाना सुटतो, तिथली नोंदणी लांबते आणि दुसरी चाचणी राहून जाते.

चाचणी सोपी आहे. उपाशी राहावे लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यायचे, दोन तासांनी रक्त तपासायचे. साखर १४० किंवा अधिक आल्यास गर्भावस्थेतील मधुमेह समजतात. बहुतेकींची साखर आहार आणि चालण्यानेच आटोक्यात येते. दुर्लक्ष झाल्यास बाळाचे वजन अवाजवी वाढते, प्रसूती अवघड होते.

दोष एकट्या गर्भवतीला देऊन भागणार नाही. ती गावी निघण्याआधी कार्डावर दुसऱ्या चाचणीची नोंद आहे का, हे डॉक्टर, आशाताई आणि घरच्यांनीही पाहिलेच पाहिजे.