साक्ष सहा दिवसांची: महाराष्ट्रातील ख्रिस्ती बंधुभगिनींना आवाहन

प्रभूमधील प्रिय बंधुभगिनींनो,



महाराष्ट्रात आपण संख्येने थोडे आहोत. २०११ च्या जनगणनेत राज्यातील ख्रिस्ती लोकसंख्या अकरा लाखांच्या आत भरली; शंभर माणसांमागे जेमतेम एक. आपल्या आजूबाजूच्या बहुसंख्य लोकांनी कधी प्रवचन ऐकलेले नाही, शुभवर्तमान वाचलेले नाही. ख्रिस्ताविषयी त्यांना जे कळते ते बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्या, वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या किंवा वसईच्या वाडीत भाजी पिकवणाऱ्या ख्रिस्ती माणसाकडून. तरीही सुवार्तेचे काम म्हटले की आपल्याला आठवतो तो मांडव, ध्वनिक्षेपक आणि पत्रकांचा गठ्ठा. ते काम पाळकांचे, धर्मगुरूंचे, मिशनचे, असे मानून आपण रविवारी उपासनेला किंवा मिस्साला जातो आणि सोमवारी इतरांसारखेच व्यवहाराला लागतो. श्रद्धा जगणे हे एक काम आणि ती सांगणे हे दुसरे, ही वाटणीच चुकीची आहे. ज्या मातीत आपली श्रद्धा रुजली त्या मातीचा इतिहास सांगतो की ती पोचली ती रोजच्या वागण्यातून, आणि शब्दांना वजन आले तेही त्या वागण्यामुळेच. म्हणून हे आवाहन.

जामखेडचे उदाहरण घ्या. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. १९७० मध्ये त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. मोठे रुग्णालय बांधून लोकांची वाट पाहत बसण्याऐवजी त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित होत्या. वेगवेगळ्या जातींच्या या बायका प्रशिक्षणासाठी एकत्र आल्या, एकत्र राहिल्या, एका पंगतीत जेवल्या. जिच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, तीच गावातल्या बाळंतपणाला आणि तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी हक्काने बोलावली जाऊ लागली. १९७९ मध्ये या दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक हे काम पाहायला येऊ लागले. आरोळ्यांनी आपली प्रेरणा ख्रिस्ताची आहे हे कधी लपवले नाही, आणि उपचाराच्या बदल्यात कोणाच्या श्रद्धेवर हातही टाकला नाही. माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे, ही आपल्या धर्माची मूळ शिकवण. ती हजार वेळा सांगून जे झाले नसते, ते निरक्षर बाईच्या हाती औषधाची पेटी सोपवून झाले.

पंडिता रमाबाईंची वाट अधिक खडतर होती, म्हणून ती अधिक शिकवते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. तिथे येणाऱ्या विधवा मुलींना आपापला धर्म पाळण्याची मोकळीक होती. परंतु रमाबाई स्वतः उघडपणे प्रार्थना करीत, आणि काही मुली त्या प्रार्थनेकडे ओढल्या गेल्या. पुढे सदन पुण्यात आल्यावर तिथे वादळ उठले आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी सदनाशी असलेला संबंध सोडला. टीकाकारांच्या मनातली शंका सगळीच दुष्ट नव्हती. असहाय मुलींच्या मनावर आश्रयदात्याचा प्रभाव पडतो, हा मुद्दा आजही विचार करण्याजोगा आहे. पण रमाबाईंनी ना काम थांबवले, ना श्रद्धा झाकली. १८९६-९७ च्या दुष्काळात उपासमारीने आणि अत्याचाराने गांजलेल्या शेकडो मुलीबाळींना त्यांनी केडगावला आणून सांभाळले, हाताला काम दिले, अक्षर दिले. दुसरीकडे मूळ भाषांचा अभ्यास करून सामान्य बाईला समजेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी त्या अखेरपर्यंत खपल्या. ते भाषांतर पूर्णपणे छापून झाले १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. अन्न आणि शब्द यांतला कोणताही एक त्यांनी दुसऱ्याच्या जागी ठेवला नाही. वादातल्या आरोपांना उत्तर मिळाले तेही कोणत्या लेखाने नव्हे, तर वर्षानुवर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर चाललेल्या कामाने.

सामान्य माणसाच्या भाषेत बोलण्याची ही गोष्ट रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आणखी पुढे नेली. परकीय पेहरावातला ख्रिस्त मराठी माणसाला आपला वाटणार नाही, हे त्यांना उमगले होते. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात, १९१७ मध्ये, त्यांनी साताऱ्यात देवाचा दरबार उभा केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा दिली. त्यांच्या कितीतरी आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्तपुराण ओवीत रचून प्रसिद्ध केले होते. शेजाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर आधी त्याच्याजवळ बसावे लागते, त्याचे ऐकावे लागते. ज्याच्या घरी आपण कधी जात नाही, ज्याच्या आजारपणात डोकावत नाही, त्याच्या हातात पत्रक ठेवून आपले कर्तव्य संपत नाही.

हा वारसा अभिमानाने सांगताना आपल्या आजच्या जीवनाकडेही त्याच प्रामाणिकपणाने पाहिले पाहिजे. आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांचे पूर्वज अस्पृश्यतेच्या जाचातून माणूसपण शोधत मंडळीत आले. तरीही सोयरीक ठरवताना पूर्वीची जात विचारली जाते, प्रभुभोजनाच्या मेजावरची समता लग्नाच्या बोलणीत विरून जाते आणि हुंड्याला भेट असे गोंडस नाव मिळते. मंडळ्यांच्या मालमत्तेवरून भाऊ भावाविरुद्ध कोर्टाची पायरी चढतो आणि वर्षानुवर्षे उतरत नाही. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार कापताना, भाडेकरूची अनामत अडवताना, पावतीविना व्यवहार करताना आपली श्रद्धा आड येत नाही. शेजारी हे सारे पाहत असतो. या परिस्थितीत आपण कितीही गोड गायन केले तरी त्याच्या मनावर ठसा उमटतो तो व्यवहाराचाच. याकोबाच्या पत्राने श्रद्धा आणि कृती यांची जी सांगड घातली आहे, ती आपल्याला पाठ आहे. आता ती घराच्या उंबऱ्याबाहेर लागू करायची आहे.

यावर पहिला आक्षेप धार्मिकच येईल. दान गुप्तपणे करावे, उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, अशी येशूची शिकवण असताना चांगुलपणाची साक्ष द्यायची कशी? पण त्याच डोंगरावरील प्रवचनात, त्याच्या जरा आधी, आपला प्रकाश लोकांपुढे पडावा असेही त्याने सांगितले आहे. दोन्हींचा मेळ हेतूत बसतो. वाहवा मिळवण्यासाठी केलेले दान निषिद्ध आहे. लोकांना देवाच्या चांगुलपणाची ओळख पटेल असे उघड, सरळ जीवन अपेक्षित आहे. मदत घेणाऱ्या गरिबाच्या हाती पिशवी देऊन त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकणे पहिल्या प्रकारात मोडते. कार्यालयात लाच नाकारणे दुसऱ्या प्रकारात मोडते. ते लपवता येत नाही आणि लपवण्याची गरजही नाही.

दुसरा आक्षेप आजच्या वातावरणातला आहे. सेवा हे धर्मांतराचे आमिष आहे असा संशय सर्वत्र असताना गप्प राहणेच शहाणपणाचे नाही का? संशयाला भिऊन श्रद्धा कुलपात ठेवण्याची गरज नाही. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे आणि आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत दिले आहे. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा तो हक्क नव्हे. या निकालावर आपल्यात मतभेद असतील. परंतु दबाव आणि प्रलोभन यांना नकार देण्यासाठी आपल्याला कायद्याची वाट पाहावी लागू नये, कारण आपल्या गुरूचाच तो नकार आहे. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले आणि आभार मानायला एकच परतला. उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा त्याला अडवले नाही. ज्या सेवेला अट आहे तो सौदा होतो, आणि सौद्यातून आलेली श्रद्धा देवाला नको आहे. म्हणून आपल्या शाळा, दवाखाने, वसतिगृहे यांचे दरवाजे आणि हिशेब दोन्ही उघडे असावेत. संशयावर हाच उपाय टिकतो.

तिसरा प्रश्न काही तरुण विचारतात: कृतीच जर सर्व काही सांगते, तर शब्दांची गरज काय? गरज आहे. चांगले वागणारी माणसे सर्व धर्मांत आहेत आणि निधर्मी लोकांतही आहेत. चांगुलपणावर आपली मक्तेदारी नाही. आपण ख्रिस्ताचे नावच घेतले नाही, तर त्याच्यामुळे घडलेल्या गोष्टीचे श्रेय नकळत आपल्या पदरात पडते. मात्र बोलावे कधी आणि कसे, याला मर्यादा आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला सांगितले आहे. म्हणजे आधी कोणी विचारावे असे जीवन, आणि मग उत्तर. त्या उत्तरात दुसऱ्याच्या दैवताची निंदा नको, भीती घालणे नको, चमत्काराची हमी नको. मला क्षमा मिळाली, म्हणून मी क्षमा करायचा प्रयत्न करतो, एवढे मोकळेपणाने म्हणता आले तरी पुष्कळ.

ही साक्ष घराच्या चार भिंतींत संपत नाही. १९८८ मध्ये वसईत हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सर्वधर्मीय गावकऱ्यांबरोबर तिथली हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठी लढा दिला. तेच फादर दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. समाजाच्या सुखदुःखात उतरलेला धर्मगुरू समाजाला परका वाटत नाही. आपल्या वस्तीच्या पाण्यासाठी, गावच्या शाळेसाठी, बाजूच्या झोपडपट्टीतल्या मुलांच्या अभ्यासासाठी आपण असेच इतरांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहायला हवे, संस्थेचा फलक न लावता.

म्हणून प्रत्येक मंडळीला आणि धर्मग्रामाला विनंती आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर चार गोष्टी घ्या. पहिली, मंडळीचा वार्षिक जमाखर्च सूचनाफलकावर लावा. दुसरी, जात विचारून किंवा देणेघेणे ठरवून होणाऱ्या लग्नांना आपली संमती नाही, असा ठराव करा आणि वडीलजनांच्या घरापासून तो पाळा. तिसरी, मालमत्तेचा एक तरी वाद कोर्टाबाहेर मिटवण्यासाठी दोन्ही बाजू बोलवा. चौथी, रक्तदान, रुग्णांसोबत थांबणे, एकट्या वृद्धांची विचारपूस यांपैकी एक काम निवडून ते धर्म न विचारता वर्षभर चालवा. पाळकांनी आणि धर्मगुरूंनी प्रवचनात शिक्षक, परिचारिका, रिक्षाचालक, दुकानदार यांच्या रोजच्या पेचांवर बोलावे. श्रद्धेची खरी परीक्षा तिथेच होते. मालकांनी आपल्या नोकरांचे थकलेले पैसे या महिन्यातच द्यावेत. तरुणांनी मोबाइलवर दुसऱ्या धर्माची टिंगल करणारा एकही संदेश पुढे पाठवू नये.

यांतले काहीच आपल्या आवाक्याबाहेरचे नाही आणि कशालाही कोणाची परवानगी लागत नाही. आपण शंभरात एक आहोत, ही अडचण नसून जबाबदारी आहे. उरलेल्या नव्याण्णव जणांशी आपण कसे वागतो, यावरून ते ख्रिस्ताविषयी मत बनवणार आहेत. ते मत खरे आणि चांगले व्हावे, यासाठी प्रत्येकाने आजपासून आपल्या कामाच्या जागी एक अन्याय्य सवय सोडावी आणि कोणी कारण विचारले तर न लाजता सांगावे.

प्रभूच्या सेवेत आपला,
एक मंडळीसभासद