दुसऱ्या बॅटरीचे पैसे

पॅनेल पंचवीस वर्षे चालेल, असे आपण पाड्यावर छातीठोक सांगतो. बॅटरीची गोष्ट निघाली की आवाज खाली येतो.

2017च्या सौभाग्य योजनेत ग्रीड न पोहोचणाऱ्या घरांना बॅटरीसह 200 ते 300 वॅटचा संच आणि पाच वर्षांची देखभाल मिळाली. बहुतेक संचांची ती मुदत सरली आहे. त्यानंतर विशेष दुर्बल आदिवासी गटांसाठीच्या पीएम-जनमन योजनेत एक लाख घरांसाठी 0.3 किलोवॅटचे संच, घरटी 50 हजार रुपयांपर्यंत, अशी तरतूद झाली. आपल्याकडचे कातकरी, कोलाम, माडिया गोंड या योजनेत येतात. सहाव्या वर्षी काय, हा प्रश्न पुन्हा समोर उभा आहे.

बिहारमधल्या धरनईत 2014 साली 100 किलोवॅटचे मायक्रोग्रीड मोठ्या गाजावाजाने सुरू झाले. पाठोपाठ स्वस्त ग्रीड आले, बॅटऱ्या संपल्या, आणि पुढे त्या आवारात गुरे बांधली गेली. तंत्र चुकले नव्हते. संपलेल्या बॅटऱ्या बदलल्याच गेल्या नाहीत. उलट, जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत ग्रामऊर्जा या संस्थेने 2012 साली उभारलेला प्रकल्प जेमतेम साडेनऊ किलोवॅटचा होता. पण तिथे मीटर लावून बिल घ्यायचे आणि ते गावाच्याच ट्रस्टकडे जमा करायचे, हे पहिल्यापासून ठरले होते.

लिथियम आले म्हणून प्रश्न मिटला, असे समजू नये. ती बॅटरी जास्त टिकते, हे खरेच. पण शिशाची बॅटरी तालुक्याचा मेकॅनिक उघडून बघतो, आणि मेली तरी भंगारात तिचे बरे पैसे येतात. लिथियमचा बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नियंत्रण ठेवणारे सर्किट, बिघडला की संच शहराकडे पाठवायचा आणि वाट बघत बसायचे. तोवर घरात अंधार. मग कुणीतरी कंट्रोलर बाजूला सारून टीव्हीची वायर थेट जोडतो, आणि आपण अहवालात ‘वापरकर्त्याचा निष्काळजीपणा’ लिहून मोकळे होतो!

निविदेत दुसऱ्या बॅटरीची रक्कम वेगळी दाखवा. ती नसेल तर कामाला नाही म्हणा. पाड्यावरच्याच दोघांना, त्यातल्या एका बाईला, मल्टिमीटर धरायला शिकवा.

आणि एक विनंती. पाच वर्षांपूर्वी आपण बसवलेल्या एखाद्या संचाकडे जाऊन या आणि आज तो कसा आहे ते आम्हाला लिहून पाठवा. बंद पडलेल्यांची नोंद आधी छापू, गावाचे आणि कंपनीचे नाव न देता.