खाटा मोजल्या, माणसे कोण मोजणार?

थेरगाव हे पवनेच्या काठचे जुने गाव. पिंपरी-चिंचवडच्या विस्तारात त्याचे उपनगर झाले, शेतांच्या जागी चाळी आणि मग इमारती आल्या, आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत खपणाऱ्या कामगारांची कुटुंबे येथे वसली. ह्याच थेरगावात आज दोन मोठी रुग्णालये आहेत. एक महानगरपालिकेचे, आणि दुसरे २००६ साली सुरू झालेले, बिर्ला उद्योगसमूहाच्या विश्वस्त संस्थेचे. डांगे चौकाच्या परिसरात लहान खाजगी दवाखाने आहेत ते वेगळेच. कोणत्या रुग्णालयात किती खाटा, किती यंत्रे, किती शस्त्रक्रियागृहे, हे विचारण्याआधीच सांगितले जाते. परंतु त्या खाटांभोवती अहोरात्र राबणारी माणसे किती, ती कोणाच्या हजेरीपटावर आहेत, कोणत्या समाजांतून आली आहेत आणि महिनाअखेर त्यांच्या हाती काय पडते, हे सांगणारा फलक कोठेही लागलेला नाही. हा प्रश्न एकट्या थेरगावचा नाही, सगळ्या महाराष्ट्राचा आहे. येथे तो दोन-तीन किलोमीटरांत नजरेस येतो, इतकेच.

सर्वसामान्य समजूत अशी की रुग्णालये दोन प्रकारची असतात: सरकारी आणि खाजगी. कामगाराच्या बाजूने पाहिले तर मालक तीन आहेत. पहिला शासन अथवा महापालिका, दुसरा खाजगी कंपनी किंवा विश्वस्त संस्था, आणि तिसरा कंत्राटदार. ह्या तिसऱ्याचे नाव दर्शनी फलकावर नसते; पण सफाई, पहारा, धुलाई, उपाहारगृह, रुग्णाची ने-आण आणि अलीकडे परिचर्या व तंत्रज्ञांची कामेसुद्धा त्याच्यामार्फत करून घेण्याची रीत राज्यभर रुळली आहे. महापालिकेच्या आणि विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयांची तुलना करायला निघालेला माणूस ह्या तिसऱ्या मालकाला विसरला, तर त्याची तुलना पहिल्याच पायरीवर चुकते. कायम कामगारांचेच पगार मांडले की प्रत्येक रुग्णालय उदार दिसते.

प्रथम परिचारिकेचा हिशेब पाहू. महाराष्ट्र शासनाच्या सातव्या वेतन आयोगानुसार अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता आज मूळ वेतनाच्या निम्म्याहून अधिक आहे. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांची दैना सर्वोच्च न्यायालयापुढे गेली, तेव्हा २०१६ साली न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने एक समिती नेमली. समितीने खाटांच्या संख्येवर वेतन बांधले. २०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयाने त्या राज्यातील शासकीय परिचारिकेइतकेच वेतन द्यावे. १०० ते २०० खाटा असतील तर १० टक्क्यांपेक्षा कमी देऊ नये. ५० ते १०० खाटांना ही सवलत २५ टक्क्यांपर्यंत. आणि त्याहून लहान रुग्णालयातही २० हजारांच्या खाली कोणी जाऊ नये. केवळ मूळ वेतन धरले तरी ह्या हिशेबाने महाराष्ट्रात पायऱ्या होतात ३५,४००, ३१,८६० आणि २६,५५० रुपयांच्या. शिफारस स्वच्छ होती, मोजता येण्यासारखी होती. केरळात परिचारिकांनी संप केले, रस्त्यावर उतरल्या, आणि २०१८ साली तेथील सरकारला खाजगी रुग्णालयांसाठी २० हजारांचे किमान मूळ वेतन अधिसूचित करावे लागले. आपल्याकडे मात्र त्या शिफारशीला कायद्याचे दात फुटले नाहीत. दाखल्यावर छापायला खाटा मोजायच्या आणि पगार ठरविताना त्यांचा विसर पडू द्यायचा, असा हा व्यवहार आहे.

ह्या व्यवहारातली विसंगती समजून घ्यायची असेल तर चिंचवडच्या मोहननगरातील कामगार विमा रुग्णालयाकडे पाहावे. २०१७ पासून विमा योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१ हजार रुपये आहे. म्हणजे २० हजारांवर काम करणारी परिचारिका, किंवा त्याहून कमी मिळविणारा कक्षसेवक, स्वतः आजारी पडला की पगारातून कापलेल्या पाऊण टक्क्याच्या आधारावर विमा रुग्णालयाच्या रांगेत उभा राहणार. ज्या अतिदक्षता विभागात तो रात्रपाळ्या करतो, तेथील एका दिवसाचे बिल त्याला परवडणारे नसते. कारखान्यात मोटार बांधणाऱ्याला मोटार घेता येत नाही, हे आपण पूर्वापार ऐकत आलो. शुश्रूषा करणाऱ्याला शुश्रूषा विकत घेता येत नाही, हे त्याहून कठोर आहे.

आता आणखी एक पायरी खाली उतरू. रुग्णालयात सफाई करणाऱ्या बाईला सारेजण ‘मावशी’ म्हणतात आणि स्ट्रेचर ढकलणाऱ्याला ‘मामा’. नाते जोडायला आपला समाज मोठा तत्पर. पण ह्या मावशी-मामांची जात, त्यांचे गाव आणि त्यांचा पगार ह्यांची चौकशी कोणी करीत नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक असते. भूमिगत गटारे व मैलाटाक्या साफ करणाऱ्या कामगारांची नोंदणी केंद्र सरकारने अलीकडे केली, तेव्हा नोंदलेल्या सुमारे ३८ हजार कामगारांपैकी जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. ती गणना गटारांची होती, रुग्णालयांची नव्हे. पण सफाईचे काम कोणाच्या वाट्याला येते, ह्याबद्दलचा भ्रम दूर करायला तेवढी पुरेशी आहे. खुद्द महाराष्ट्र शासनाने लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीचा हक्क दिला, ही एका परीने ह्या वास्तवाची कबुलीच होय.

कंत्राटदार येतो आणि नेमका हाच हक्क नाहीसा होतो. महापालिकेची जागा कायम असेल तर तिला बिंदुनामावली लागू पडते. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग ह्यांचे आरक्षण, महिलांचे ३० टक्के, अपंगांचे ४ टक्के, सारे त्या एका जागेला चिकटलेले असते. तीच जागा निविदेत गेली की तिला पदनाम उरत नाही, बिंदू उरत नाही, वारस उरत नाही. काम तेच, काम करणारे बहुधा त्याच समाजाचे; फक्त हक्क उडून गेला. आरक्षणाविरुद्ध एक शब्दही न उच्चारता आरक्षण संपविण्याची ही रीत आहे. म्हणून पगाराचा प्रश्न वेगळा आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न वेगळा, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की कंत्राटाच्या एकाच सहीने दोन्ही निकालात निघतात.

अलीकडे मोठ्या आस्थापनांत ‘वैविध्य’ ह्या शब्दाची चलती आहे. सेबीच्या नियमानुसार बाजारभांडवलाने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्याकडील स्त्री-पुरुषांची संख्या, कायम आणि बिगरकायम कामगार, अपंग कर्मचारी आणि स्त्री-पुरुषांचे मध्यक वेतन जाहीर करावे लागते. नियम चांगलाच आहे. पण त्यात जातीचा रकाना नाही, आणि विश्वस्त संस्थांची रुग्णालये, खाजगी नर्सिंग होम आणि महापालिका ह्या साऱ्या त्याच्या कक्षेबाहेर आहेत. शिवाय नुसत्या संख्येने काय कळते? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातील आरोग्यसेवेत ७० टक्के स्त्रिया आहेत, वरच्या पदांवर मात्र केवळ २५ टक्के. त्याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसह २०२२ साली दाखवून दिले की ह्या क्षेत्रात स्त्रियांचे वेतन सरासरी २४ टक्क्यांनी कमी आहे. वैविध्य होतेच, ते तळाशी होते. ज्या इमारतीत सर्व जातींची, सर्व जिल्ह्यांची माणसे आढळतात पण त्यांची चढण पगाराच्या पायऱ्यांवर जातीच्या जुन्याच क्रमाने लागते, तेथे वैविध्याचा गौरव कसला करायचा? तो तर आपला जुना गावगाडाच झाला, नव्या फरशीवर मांडलेला.

रुग्णालयातील कामगाराला कामगार म्हणवून घेण्यासाठीही लढावे लागले, हा इतिहास आपल्याच राज्यातला आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील दोन कक्षसेवकांना कामावरून काढले, तेव्हा हॉस्पिटल मजदूर सभा न्यायालयात गेली. सरकारचे म्हणणे, रुग्णालय म्हणजे सेवा, तो उद्योग नव्हे. १९६० साली न्या. गजेंद्रगडकर ह्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय दिला की औद्योगिक कलह कायद्याच्या अर्थाने रुग्णालय हा उद्योगच आहे. १९७० साली न्यायालयाने ही भूमिका सोडली आणि १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात ती पुन्हा स्वीकारली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ‘उद्योगा’च्या व्याख्येतून धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी कार्यात पूर्णतः किंवा मुख्यत्वे गुंतलेल्या संस्थांच्या मालकीची आस्थापने वगळली आहेत. कोणते रुग्णालय ह्या वर्णनात बसते, हे न्यायालयांत ठरेल. पण तोवर प्रत्येक विश्वस्त रुग्णालयाच्या हाती ‘सेवा’ हा शब्द ढालीसारखा आला आहे. त्याच वेळी व्यावसायिक सुरक्षा संहिता सांगते की आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार नकोत, आणि लगेच सफाई व पहारा ही कामे गाभ्यातून वगळते. इतरत्र काय असेल ते असो; जेथे अस्वच्छ हात आणि ओली फरशी रुग्णाचा जीव घेऊ शकतात, तेथे सफाई हे गाभ्याचे काम नव्हे, असे कोणता डॉक्टर म्हणेल?

ह्यावर दोन आक्षेप येतात. महापालिका म्हणते, आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवायचा आहे, भरती करणार कशी? परंतु कंत्राटदाराला दिलेले पैसे त्याच तिजोरीतून जातात, वर त्याचा नफाही जातो. फक्त खात्याचे शीर्षक बदलते. खाजगी रुग्णालये म्हणतात, पगार वाढले की रुग्णाचे बिल वाढेल. बिलात पगाराचा वाटा किती, हे त्यांनी आधी जाहीर करावे, मग चर्चा करू. आणि धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना तर समाजाने सवलती दिलेल्याच आहेत. त्या बदल्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, असे बंधन आहे. खाटेवरचा गरीब कायद्याने मोजला. खाटेखाली पोछा मारणारा गरीब त्यातून सुटला.

हे बदलता येते. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने चिकाटीने लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना महापालिकेत कायम होण्याचा हक्क मिळाला. २०१६ साली त्याच न्यायालयाने शासनाच्या पदरी तेच काम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणीचे किमान वेतन देणे बंधनकारक ठरविले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खाजगी संस्थांमार्फत नोकरभरती करण्याचा निर्णय राज्य सरकारने काढला. तरुणांच्या संतापापुढे तो पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला. लंडनच्या इम्पीरियल रुग्णालय समूहात सफाई कामगारांनी संप केला, आणि २०२० साली कंत्राटदाराकडील हजारावर कामगार थेट सेवेत घेण्यात आले. त्या देशात प्रत्येक सार्वजनिक रुग्णालय संस्थेला २०१५ पासून आपल्याकडील कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य कर्मचाऱ्यांच्या स्थितीचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावे लागतात. आकडे छापल्याने अन्याय आपोआप मिटत नाही. पण तो नाकारण्याची सोय राहत नाही.

म्हणून मागणी साधी आहे, आणि तिचा प्रारंभ पिंपरी-चिंचवड महापालिकेने आपल्या घरापासून करावा. थेरगावच्या आणि संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात दरवर्षी एक पत्रक लागावे. प्रत्येक कामासाठी किती माणसे. त्यांपैकी कायम किती, कंत्राटी किती. त्यांत स्त्रिया किती आणि कोणत्या सामाजिक प्रवर्गाचे किती. आणि त्यांच्या हाती पडणारा किमान व कमाल पगार किती. कोणाचे नाव नको, फक्त संख्या. कंत्राटदाराची माणसे रुग्णालयाचीच म्हणून मोजली जावीत. महापालिकेने हे केले की धर्मादाय आयुक्तांनी विश्वस्त रुग्णालयांकडून तेच पत्रक मागावे, आणि शासनाने परिचारिकांच्या वेतनाची २०१६ ची शिफारस कायद्यात आणावी.

अर्थात हे मागणीपत्र कोणी मागितल्याशिवाय कोणी देणार नाही. आज परिचारिकांची संघटना वेगळी, कायम सफाई कामगारांची वेगळी, आणि कंत्राटी कामगारांची बहुतेक ठिकाणी नाहीच. शिकलेल्या सिस्टरला मावशीच्या शेजारी बसून मागणी लिहावीशी वाटत नाही, ह्यात जातीचा भाग किती आणि शिक्षणाच्या अभिमानाचा किती, हे ज्याने त्याने तपासावे. परंतु मावशीची जागा ज्या निविदेने गेली, त्याच निविदेच्या पुढच्या पानावर सिस्टरची जागा लिहिलेली आहे. हे दोघींना एकाच वेळी कळेल, तेव्हाच त्या पत्रकावरचे आकडे बदलू लागतील.