चंपाषष्ठीचे भरीत आणि बियाण्याचे व्रत

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी म्हणजे चंपाषष्ठी. मणी आणि मल्ल या दैत्यांचा संहार करून मार्तंडभैरवाने लोकांस अभय दिले, त्या विजयाचा हा दिवस. प्रतिपदेपासून बसलेले खंडोबाचे नवरात्र या दिवशी उठते, तळी भरली जाते आणि देवापुढे बाजरीचा रोडगा व वांग्याचे भरीत ठेवले जाते. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे अनेक घरांत या दिवशीच पुन्हा पानात येते. पुरणावरणाच्या सणांमध्ये शेतकऱ्याच्या साध्या भाजीला देवाच्या ताटात मानाचे स्थान देणारा हा सण आम्हां पिंपळनेरकरांस विशेष जवळचा वाटतो. चंदनपुरीचा खंडोबा आमच्यापासून फार दूर नाही.

नैवेद्य एक असला, तरी भरीत मात्र एक नाही. आमच्या खानदेशात वांगी वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात, सोलून लाकडी भांड्यात ठेचतात आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे व कांद्याची पात घालून फोडणी देतात. सोबतीला ज्वारी व उडदाच्या कळण्याची भाकरी. वरण-बट्टीच्या पंगतीत तेच वांगे घोटलेल्या भाजीचे रूप घेते. पुण्याकडे भरितात दही कालवतात. कृष्णाकाठी काटेरी वांग्यांत दाण्याचे कूट आणि मसाला भरून ती अखंड शिजवितात. कोकणात ओले खोबरे येते, तर गोव्यात वांग्याच्या चकत्या मसाला लावून, रव्यात घोळवून तव्यावर परततात.

ही विविधता केवळ सुगरणींच्या हातची नव्हे. ती मुळात वाणांची आहे. फिकट हिरवे, मोठे, कमी बियांचे वांगे होते, म्हणून खानदेशात भरीत नावारूपास आले. लहान काटेरी वांगे होते, म्हणून कृष्णाकाठी ते भरण्याची रीत रुजली. जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ साली आणि गोव्यातील आगशीच्या वांग्यास २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच नात्याची सरकारदरबारी झालेली नोंद होय.

आज बाजारात वांगी बारमाही मिळतात. ज्या काळी ऋतूच वांग्याची वाट पाहावयास लावी, त्या काळी चातुर्मासाचे वर्ज्य आणि चंपाषष्ठीची मुभा यांना शेताशी धरून अर्थ होता. आता अनेक ठिकाणी संकरित बियाणे दरवर्षी विकत येते. त्याच्या फळातून धरलेले बी पुढील वर्षी तसेच फळ देत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने बीटी वांग्याची लागवड थांबविली, तेव्हा देशभर वाद झडले. शेजारच्या बांगलादेशात २०१४ पासून ते पिकते. तो वाद ज्ञात्यांनी जरूर करावा. परंतु घरचे बी घरातून नाहीसे होते, तेव्हा कोणतीही सभा भरत नाही, हे आम्हांस अधिक चिंतेचे वाटते.

शेतकऱ्याने संकरित वाण लावूच नये, असे आमचे म्हणणे नाही. शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीशी झगडून ज्याला पोट भरावयाचे आहे, त्याला परंपरेचे धडे देणे सोपे असते. आमची विनंती एवढीच, की नैवेद्यापुरती चार झाडे गावरान वाणाची, बाजूला राखून लावावीत. त्यांतील उत्तम फळ तोडू नये. ते पिवळे पडून पिकू द्यावे, त्याचे बी धुऊन सावलीत वाळवावे आणि शेजाऱ्यासही द्यावे. ज्यांना शेत नाही, त्यांनी बाजारात गावरान वांगे मागून घ्यावे, दोन पैसे अधिक पडले तरी.

चार महिने वांगे न खाणे हे जिभेचे व्रत झाले. वांगे पुढच्या पिढीसाठी राखणे हे त्याहून कठीण आणि त्याहून मोठे व्रत आहे. खंडोबा हा शेतकरी-धनगरांचा, कष्टकऱ्यांचा देव. त्याच्या ताटातील भरीत आपल्या मातीचे असावे, ही अपेक्षा फार मोठी आहे, असे आम्हांस वाटत नाही.