कायाकल्प आणि डागडुजी

एखाद्या बसस्थानकाच्या भिंतींना नवा रंग लागला, फलाटावर चार बाके आली आणि जुन्या पाटीच्या जागी विजेची पाटी झळकू लागली, की त्या स्थानकाचा 'कायाकल्प' झाल्याची वार्ता वृत्तपत्रांत हटकून येते. आणि हा शब्द ज्या आयुर्वेदशास्त्राच्या अंगणात वाढला त्याच्याशी ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांना शब्दाच्या या उधळपट्टीचे वैषम्य वाटल्यावाचून राहत नाही.

वैद्यांच्या व्यवहारात कल्प म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत, ठरावीक क्रमाने आणि कडक पथ्याने पार पाडावयाचा विधी. अन्न वर्ज्य करून केवळ ताकावर राहावयाचे तो तक्रकल्प, दुधावर राहावयाचे तो दुग्धकल्प. संबंध कायेचा असा कल्प चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अगदी आरंभीच, 'कुटीप्रावेशिक रसायन' या नावाने वर्णिलेला आहे. पूर्वेस किंवा उत्तरेस तोंड असलेली, एकात एक अशा तीन दालनांची, जाड भिंतींची आणि लहान गवाक्षांची कुटी बांधावी. शुभ दिवशी तीत प्रवेश करून हरीतकीप्रभृती औषधांनी प्रथम कोठा शुद्ध करावा. तुपासह जवाची पेज घेऊन काही दिवस काढावेत. आणि मगच रसायनाच्या, म्हणजे तारुण्य राखणाऱ्या औषधाच्या, सेवनास हात घालावा, असा तेथील क्रम आहे. ज्याच्यापाशी सामर्थ्य, मनोनिग्रह, द्रव्य आणि सवड ही चारही आहेत त्यानेच या मार्गास जावे, इतरांनी नित्याचे व्यवहार न सोडता 'वातातपिक' रसायन घ्यावे, हा विवेकही त्याच ग्रंथात आहे. शोधनावाचून, म्हणजे शरीरशुद्धीवाचून, दिलेले रसायन मळक्या वस्त्रावर चढविलेल्या रंगाप्रमाणे निष्फळ ठरते, हा आयुर्वेदाचार्य वाग्भटाचा दृष्टान्त तर रंगसफेदीची बिले मंजूर करणाऱ्या प्रत्येक खात्याने दप्तरी लावून ठेवावा इतका मार्मिक आहे.

या विधीने यौवन खरोखर परत येते काय, हा प्रश्न वेगळा. अश्विनीकुमारांनी जराजर्जर च्यवनास तारुण्य दिले ही कथा ऋग्वेदकालापासून चालत आली आहे, आणि पाचशे आवळ्यांचा च्यवनप्राश त्याच ऋषीच्या नावावर रुजू आहे. परंतु आपल्याच काळातील दाखला पाहावयाचा तर 1938 साली पंडित मदनमोहन मालवीय यांनी वयाच्या 76व्या वर्षी प्रयागजवळ एका तपस्वी बाबांच्या देखरेखीखाली कायाकल्प केला, त्याची देशभर चर्चा झाली, आणि तरीही पुढच्याच वर्षी काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या कुलगुरुपदाची धुरा त्यांना डॉ. राधाकृष्णन यांच्या हाती सोपवावी लागली. चरकाने गुळवेल, हिरडा, आवळा आदी दहा औषधींच्या गणास 'वयःस्थापन', म्हणजे वय स्थिर राखणारा, असे बेताचे नाव दिले आहे, आणि मला ते अधिक प्रामाणिक वाटते. त्या दहांतच पुनर्नवा, म्हणजे आपली घेटुळी, आहे. उन्हाळ्यात तिचा वरचा पसारा वाळून जातो, जमिनीखाली मूळ तेवढे जिवंत राहते, आणि पहिल्या पावसानंतर बांधावर तांबूस देठांची कोवळी पाने पुन्हा पसरू लागतात. नवेपण येते ते मुळाकडून.

म्हणूनच 2015 साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी रुग्णालयांसाठी सुरू केलेल्या योजनेस 'कायाकल्प' हे नाव दिले, ते मला अप्रस्तुत वाटत नाही. कारण तेथील गुणांकन स्वच्छता, जैविक कचऱ्याची विल्हेवाट आणि जंतुसंसर्गास प्रतिबंध यांवर आधारलेले आहे, म्हणजे शोधनास तेथे अग्रस्थान आहे, आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या तपासणीत 70 टक्के गुण मिळाल्यावाचून पारितोषिकासाठी विचार होत नाही. ज्या रुग्णालयाने हे पथ्य वर्षानुवर्षे पाळले त्याने हा शब्द खुशाल मिरवावा.

बाकीच्या ठिकाणी वार्ताहरांनी आणि संपादकांनी कृपा करून थोडा संयम राखावा. जेथे सर्वच पालटले तेथे 'कायापालट' हा रुळलेला शब्द हाताशी आहे. जेथे केवळ भिंती रंगल्या तेथे रंगरंगोटी, आणि जेथे छप्पर शाकारले तेथे डागडुजी, असेच लिहावे.