पिवळ्या रंगाची पथ्ये

वाचकहो, घरी लाकडाची खेळणी, गणपतीची मखरे किंवा विमानांच्या लहान प्रतिकृती रंगविणाऱ्या प्रत्येकास एक अनुभव केव्हा ना केव्हा येतोच. तांबडा रंग पहिल्या हातात बसतो, निळा दुसऱ्या हातात बसतो, काळा तर कुंचला टेकविताच बसतो. परंतु पिवळा मात्र चार चार हात देऊनही रुसलेलाच राहतो. कोठे फिकट, कोठे दाट, कोठे हिरवट. डबा बदलला, कुंचला बदलला, तरी फळ तेच. दोष आपल्या हाताचा की रंगाचा, हे न कळल्यामुळे पुष्कळ मुले या टप्प्यावर छंदच सोडून देतात. म्हणून या वेळी आपण केवळ पिवळ्या रंगाचाच विचार करू.

यास निमित्त घडले ते बंगळूरच्या मुक्कामात. माझी धाकटी बहीण तेथे इंदिरानगर भागात राहते. तिचे सासरे मूळचे बेळगावकडचे. ऐन तारुण्यात विमानांच्या कारखान्यात रंगकामावर लागले आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी तेच काम केले. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. स्मरण लख्ख आहे, परंतु हात कापतात. चहाची बशीदेखील दोन्ही हातांनी धरावी लागते. त्यांचा नातू, म्हणजे माझा चौदा वर्षांचा भाचा, आजोबांच्या वाढदिवसास त्यांना ‘टायगर मॉथ’ या जुन्या शिकाऊ विमानाची प्रतिकृती देणार होता. मी पोहोचलो तेव्हा वाढदिवसास बारा दिवस उरले होते आणि चिरंजीव डोळ्यांत पाणी आणून बसले होते. करड्या प्लॅस्टिकवर त्याने सरळ पिवळा रंग लावला होता. तो हिरवट दिसला म्हणून दुसरा हात दिला, मग तिसरा. असे सहा हात झाले. आता पंखांवरील फासळ्यांच्या बारीक रेषा बुजल्या होत्या, कडांशी रंगाचे ओघळ थिजले होते, आणि हिरवट झाक होती ती होतीच.

“मामा, आता हे टाकून द्यावं लागणार ना?” त्याने विचारले.

आजोबा आतल्या खोलीतून ऐकत होते. ते काठी टेकीत बाहेर आले, विमान खिडकीशी नेण्यास सांगून उजेडात पाहिले आणि म्हणाले, “अरे, टाकायचं कशाला? पिवळ्याला तू अस्तरच दिलं नाहीस. पिवळा म्हणजे मलमलीचं धोतर. खाली काय नेसलं आहे ते दिसायचंच.”

पुढील बारा दिवस शिकवणी चालली. आजोबा बोलत, नातू करी आणि मी टिपणे घेई. त्या टिपणांत मी माझ्या वाचनातील थोडी भर घातली आहे.

प्रथम, पिवळाच रंग का, हे पाहू. नवशिका वैमानिक आकाशात असताना इतरांना तो दुरूनच दिसावा आणि त्यांनी त्याच्यापासून अंतर राखावे, हा यातील हेतू. दिवसाच्या उजेडात मानवी डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटर लांबीच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशलहरींस सर्वांत अधिक संवेदनशील असतो. आणि पिवळा रंग पांढऱ्याच्या खालोखाल उजळ असतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच ब्रिटनने शिकाऊ विमानांस पिवळा रंग दिला होता. युद्धकाळात कॅनडात राष्ट्रकुलातील हजारो तरुण उड्डाण शिकले, ते पिवळ्या विमानांतूनच. भारतीय वायुदलाने जतन केलेले जुने ‘हार्वर्ड’ विमानही पिवळेच आहे.

बंगळूरशी या विषयाचे नाते याहूनही जवळचे आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना स्थापन झाला. आज आपण ज्यास हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणतो, त्या संस्थेचे ते मूळ. जर्मनीतील गॉटिंगेन येथे विख्यात वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळविलेले मराठी अभियंते डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी याच कारखान्यात ‘एचटी-२’ या दोन आसनी शिकाऊ विमानाचा आराखडा सिद्ध केला. ऑगस्ट १९५१ मध्ये ते बंगळूरच्या आकाशात प्रथम उडाले. संपूर्ण धातूचे, १५५ अश्वशक्तीचे हे विमान वायुदलात ज्यांच्या जागी आले, त्यांतील एक म्हणजे कापडी पंखांचे ‘टायगर मॉथ’. माझा भाचा रंगवीत होता ते विमान असे आपल्या इतिहासाच्या उंबरठ्यावरील आहे.

आता पिवळा रंग झाकत का नाही, ते पाहू. रंग म्हणजे तेलात किंवा राळेत मिसळलेली रंगद्रव्याची भुकटी. त्या भुकटीची प्रकाश वळविण्याची शक्ती राळेहून जितकी अधिक, तितका प्रकाश अडून परत फिरतो आणि खालची बाजू झाकली जाते. पूर्वी वापरात असलेल्या क्रोम पिवळ्यात, म्हणजे शिशाच्या क्रोमेटमध्ये, ही शक्ती भरपूर होती. आजच्या पुष्कळ पिवळ्या रंगांतील सेंद्रिय द्रव्यांत ती राळेच्या जवळपासच असते. त्यामुळे प्रकाश थरातून आरपार जातो, खालच्या पृष्ठभागास भेटतो आणि तेथला रंग घेऊन परततो. खाली करडे किंवा काळे असेल तर पिवळा हिरवट दिसणार, हे ओघाने आलेच.

येथे एक गंभीर सूचना द्यावीशी वाटते. “जुना पिवळा फार छान झाकत असे,” असे म्हणत कोणी माळ्यावरचा जुना डबा काढील, तर त्यास हात लावू देऊ नये. शिसे मुलांच्या मेंदूस व मज्जासंस्थेस अपाय करते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम २०१६ मध्ये झाला व २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या डब्यांची खात्री देता येत नाही. जुन्या पिवळ्या रंगाची खेळणी किंवा दारे कोरडी घासून त्यांची धूळ घरात उडवू नये. आजोबांनी हे सांगताना आवाज चढविला. त्यांच्या तरुणपणी तोंडाला फडके बांधणे हीच काय ती काळजी असे.

आता प्रत्यक्ष कृती.

पहिली गोष्ट, बिघडलेला रंग काढणे. भाच्याचा रंग पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक होता. असा रंग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने मऊ पडतो. खिडक्या उघड्या ठेवून, जवळ शेगडी वा उदबत्ती नसताना, हातमोजे घालून, मऊ दातघासणीने तो हळूहळू सोडवावा. तेलरंगाचा थिनर मात्र प्लॅस्टिकवर ओतू नये; प्लॅस्टिकच विरघळण्याचा संभव असतो. त्यानंतर प्रतिकृती साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवावी आणि पुढे केवळ कडांस धरावी. बोटांचे तेलही रंगास बसू देत नाही.

दुसरी गोष्ट, अस्तर. सांध्यांत लांबी भरून, अगदी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासल्यावर सर्वांगास पांढऱ्या अस्तराचे दोन पातळ हात द्यावे. पांढऱ्यातील टिटॅनियमची भुकटी प्रकाश उत्तम अडविते. झाकण्याचे काम तिचे, पिवळ्याचे नव्हे. येथे आजोबांनी एक युक्ती सांगितली. शुद्ध पांढऱ्यावर पिवळा लिंबासारखा थंड दिसतो. पांढऱ्यात तांबड्याचा किंचित अंश घालून फिकट गुलाबी अस्तर केले, तर वरचा पिवळा हळदीसारखा उबदार दिसतो. विश्वास न बसल्यास तीन प्लॅस्टिकचे चमचे घ्यावे. एकास करडे, एकास पांढरे आणि एकास गुलाबी अस्तर देऊन तिन्हींवर एकाच डब्यातील पिवळा लावावा. भाच्याने तसे केले. तीन चमच्यांवर तीन निरनिराळे रंग पाहून त्याचा चेहरा जो खुलला, तो पाहण्यासारखा होता.

तिसरी गोष्ट, थराची जाडी. टायगर मॉथच्या पंखांचा विस्तार ८.९४ मीटर; १:७२ प्रमाणात तो सुमारे १२.४ सेंटिमीटर होतो. या प्रतिकृतीवर आपण एक दशांश मिलिमीटर जाडीचा रंग दिला, तर खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरांहून जाड लेप ठरेल! सहा हातांत फासळ्या का बुजल्या, हे यावरून कळेल. म्हणून रंग दुधाइतका पातळ करावा. चपटा, मऊ कुंचला घेऊन पहिला हात पंखाच्या लांबीने, दुसरा रुंदीने, असे तीन किंवा चार हात द्यावे. पहिला हात पट्ट्यापट्ट्यांचाच दिसेल. मन घट्ट करून तो तसाच राहू द्यावा. अर्धवट सुकलेल्या जागी कुंचला पुन्हा फिरविला की खालचा थर उचलला जातो. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी.

“घाई करणाऱ्याला पिवळा ओळखतो,” आजोबा म्हणाले.

चौथी गोष्ट, हवा. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच. हवा सुखद खरी, परंतु पावसाळ्यात सायंकाळी अचानक सरी येतात आणि हवा दमट होते. लवकर उडणाऱ्या थिनरचा रंग अशा वेळी लावला, तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमते आणि रंगावर पांढुरका धूसरपणा येतो. मुंबई-कोकणातील वाचकांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. कोरड्या दिवशी, दुपारपूर्वी काम करावे आणि ओल्या रंगावर पुठ्ठ्याचे खोके उपडे घालावे. पिवळ्यावर धुळीचा एक कणही लपत नाही.

पाचवी गोष्ट, क्रम. फिकट रंग आधी, गडद नंतर. पिवळा पूर्ण वाळल्यावर चिकटपट्टी आधी तळहातावर दोन वेळा लावून तिचा चिकटपणा कमी करावा, मग विमानावर लावून काळे भाग रंगवावे. चिन्हे चिकटविण्यापूर्वी चकचकीत वॉर्निशचा एक पातळ हात द्यावा. आपल्या वायुदलाच्या वर्तुळचिन्हाचे बाहेरचे कडे केशरी असते आणि पिवळ्यावर केशरी सहज हरवतो. पिवळा स्वच्छ नसेल, तर तिरंगी वर्तुळ दुरंगी भासते.

शेवटची गोष्ट जुन्या छायाचित्रांविषयी. विमानाचा रंग ठरविताना आपण जुनी कृष्णधवल चित्रे पाहतो. परंतु पूर्वीची एक प्रकारची फिल्म तांबड्या प्रकाशास जवळजवळ आंधळी होती आणि पिवळ्यासही मंद प्रतिसाद देई. तीवर पिवळा रंग गडद, कधी काळपटही उमटे. केवळ चित्रावर विसंबल्यास पिवळे विमान आपण तपकिरी रंगवून बसू. म्हणून एकच विमान, एकच वर्ष निवडावे, आणि शक्य असल्यास प्रत्यक्ष वस्तू पाहावी. बंगळूरला जाणाऱ्यांनी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे, २००१ मध्ये सुरू झालेले विमान-संग्रहालय मुलांस अवश्य दाखवावे.

वाढदिवसाच्या सकाळी विमान तयार झाले. निर्दोष झाले, असे म्हणता येणार नाही. डाव्या चाकाशी एक केस चिकटून राहिला होता. आजोबांनी ते हाती घेतले नाही. हात कापतात, पंखांमधल्या काड्या मोडतील, असे ते म्हणाले. नातवानेच ते खिडकीशी धरले आणि सावकाश फिरविले. फासळ्यांच्या रेषा एकेक दिसत होत्या. म्हाताऱ्याने बराच वेळ पाहिले. मग तो केस दाखवून म्हणाले, “हा राहू दे. पुढच्या खेपेला चुकणार नाहीस.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “पुढचं एचटी-२ कर. अस्तर मी सांगेन.”

भाच्याने त्याच सायंकाळी वहीत तीन चमचे चिकटविले आणि प्रत्येकाखाली अस्तराचे नाव व तारीख लिहिली. वाचकहो, आपल्या घरीही अशी एक वही असावी. आणि ज्यांचे हात आता कापतात, परंतु ज्यांना रंग, लाकूड, सूत वा धातू यांची पथ्ये ठाऊक आहेत, असे कोणी वडीलधारे घरात असतील, तर मुलांस त्यांच्याशेजारी बसवावे. टिपणे मात्र लगेच घ्यावी. वाढदिवस दर वर्षी येतो, या भरवशावर राहू नये.